प्युजेट साउंडमध्ये कयाकवरून सॅमन, आणि ओढ्यांत त्यांची वीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्युजेट साउंड हा वॉशिंग्टन राज्यातला, जमिनीत शिरलेला समुद्राचा फाटा. त्याच्या काठच्या सिएटल आणि आसपासच्या मराठी घरांतून वर्षातून दोनदा प्रश्नांची लाट येते. जुलैत विचारतात, कयाकवरून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या निमुळत्या होडीवरून, सॅमन धरता येतो का? नोव्हेंबरात विचारतात, ओढ्यांत मासे चढलेत म्हणे, मुलांना कुठे न्यायचं? दोन्हींची उत्तरं मुद्दाम एकाच ठिकाणी दिली आहेत, कारण मासा तोच आहे: ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी ओढ्यात परततो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना माझा आग्रह असतो की पहिला शरद ऋतू ओढ्याच्या काठावर घालवा, गळ पुढच्या उन्हाळ्यात घ्या. वीण पाहिलेला माणूस समुद्रात वेगळ्या हातानं मासेमारी करतो.

सॅमन हा एकच मासा आहे की त्यात प्रकार आहेत?

इथे पाच जाती आहेत. चिनूक सर्वांत मोठा, त्याला किंग म्हणतात. कोहो चांदीसारखा चकचकीत आणि गळाला लागल्यावर उड्या मारणारा. सॉकाय तळ्यांशी जोडलेल्या नद्यांतला, विणीच्या वेळी लालभडक होणारा. चम थोराड असतो, विणीला आला की अंगावर जांभळे-हिरवे पट्टे उमटतात. पिंक सर्वांत लहान, त्याचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. त्यामुळे प्युजेट साउंडमध्ये पिंक मुख्यतः विषम वर्षीच येतात: २०२३, २०२५, पुढे २०२७. नवशिक्यानं कयाकवरची पहिली मासेमारी विषम वर्षाच्या ऑगस्टमध्ये करावी. तेव्हा मासे भरपूर असतात आणि किनाऱ्यापासून फार लांब जावं लागत नाही.

कोणता कधी येतो?

याचं सोपं वेळापत्रक सिएटलच्या बॅलर्ड लॉक्सच्या मत्स्यसोपानात, म्हणजे माशांसाठी बांधलेल्या पायऱ्यांत, दिसतं. समुद्र आणि तळ्यादरम्यान बोटी वर-खाली नेणारे हे जलपाश १९१७ साली खुले झाले. समुद्रातून लेक वॉशिंग्टनकडे जाणारे मासे इथल्या पायऱ्या चढतात आणि जमिनीखालच्या काचेच्या खिडक्यांतून आपण ते हातभर अंतरावरून पाहतो. जुलैत सॉकाय, ऑगस्टअखेरीस चिनूक, सप्टेंबरात कोहो असा साधारण क्रम. चम सर्वांच्या मागून येतात. समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर, ओढ्यांत नोव्हेंबर ते डिसेंबरची सुरुवात.

एवढ्या मोठ्या समुद्रातून तो नेमका आपल्याच ओढ्यात कसा परततो?

खुल्या महासागरात दिशा राखण्यासाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग होतो. किनाऱ्याजवळ आल्यावर वास. पिल्लू समुद्राकडे निघतं तेव्हा त्या ओढ्याच्या पाण्याचा गंध, तिथली माती, पानं, दगड या सगळ्याचं मिश्रण, त्याच्या मेंदूत पक्कं बसतं. दोन ते पाच वर्षांनी तोच गंध हुंगत तो वर येतो. थोडे मासे चुकून दुसऱ्या ओढ्यात शिरतात, आणि ते चांगलंच. ओस पडलेले ओढे पुन्हा वसतात ते अशाच चुकार माशांमुळे.

ओढ्यावर उभं राहून नेमकं काय बघायचं? आम्हाला तर नुसतं खळाळणारं पाणी दिसतं.

पोलराइज्ड गॉगल लावा. पाण्यावरची चकाकी गेली की तळ दिसू लागतो. मग वीस मिनिटं एकाच जागी उभे राहा. घाई केली तर काहीही दिसत नाही.

आधी खडीत फिकट, धुतल्यासारखा गोल भाग शोधा. ते घरटं. मादी एका कुशीवर आडवी होते आणि शेपटीनं पाच-सहा जोराचे फटकारे मारते. गाळ वाहून जातो, खडी बाजूला सरते, खळगा तयार होतो. असं ती पुन्हापुन्हा करते. शेपटीची कड पांढरी पडलेली, झिजलेली दिसली तर ती खोदणारी मादी समजा. तिच्या शेजारी एक मोठा नर असतो, जबडा आकड्यासारखा वाकलेला आणि दात बाहेर आलेले. तो बाकीच्या नरांना हुसकावत राहतो. मागे दोन-तीन छोटे नर संधीची वाट पाहत असतात.

अंडी पडतात तो क्षण फार थोडा. नर आणि मादी एकमेकांना चिकटतात, दोघांचे जबडे उघडतात, अंगं थरथरतात, पाण्यात दुधासारखा पांढरा ढग उठतो. लगेच मादी थोडी वरच्या बाजूला सरकून पुन्हा खोदू लागते, म्हणजे उडालेल्या खडीनं खालची अंडी झाकली जातात. एका मादीच्या पोटात जातीप्रमाणे दीड-दोन हजारांपासून पाच हजारांपर्यंत अंडी असतात. ती चार-पाच खळग्यांत वाटून घालते. गोड्या पाण्यात शिरल्यापासून तिनं काही खाल्लेलं नसतं. हे सगळं ती अंगातल्या साठ्यावर करते, आणि मग मरेपर्यंत त्या घरट्याची राखण करते.

पाहायला कुठे जावं?

चम पाहायचे असतील तर सिएटलच्या उत्तरेचं कारकीक पार्क, तिथला पायपर्स क्रीक. नोव्हेंबरच्या मध्यावर जा. या ओढ्यातले सॅमन पूर्ण नाहीसे झाले होते. १९८० च्या दशकापासून आसपासच्या रहिवाशांनी काठ सावरले, झाडं लावली, सुक्वामिश जमातीच्या मत्स्यबीज केंद्राच्या मदतीनं चमची पिल्लं सोडली. आज तिथे दर शरदात मासे येतात आणि शनिवार-रविवारी माहिती सांगायला स्वयंसेवक उभे असतात.

इस्सक्वाहचं मत्स्यबीज केंद्र १९३६ सालचं आहे. गावाच्या मध्यावर, गाडी लावली की लगेच. सप्टेंबर ते नोव्हेंबर चिनूक आणि कोहो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे सॅमन डेज हा मोठा उत्सव भरतो. मासे शांतपणे पाहायचे असतील तर त्या दोन दिवशी जाऊ नका.

रेंटनला सीडर नदीवर पूल बांधावा तसं सार्वजनिक ग्रंथालय बांधलं आहे. शरदात त्याच्याखाली सॉकाय आणि चिनूक दिसतात.

ऑलिंपियाजवळ मॅक्लेन क्रीकची पायवाट आणि शेल्टनच्या वाटेवर केनेडी क्रीक. एकदाच कुठेतरी जाणं शक्य असेल तर केनेडी क्रीकला जा. चम तिथे हजारोंनी येतात, अख्खा ओढा हलताना दिसतो. त्याची पायवाट नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारी उघडी असते, निघण्याआधी वेळा तपासा.

समामिशकरांनी आपल्या दाराशी असलेल्या कोकनीकडे लक्ष द्यावं. हा समुद्रात न जाणारा सॉकाय. लेक समामिशमध्ये वाढतो आणि शरदाच्या शेवटी, हिवाळ्याच्या तोंडावर लुईस, एब्राइट, लाफिंग जेकब्स अशा छोट्या ओढ्यांत चढतो. ही मूळची स्थानिक वीण फार क्षीण झाली आहे.

आई-बाबा भारतातून आले आहेत. त्यांना फार चालवत नाही.

बॅलर्ड लॉक्स आणि इस्सक्वाह. दोन्ही ठिकाणी सपाट वाट, बसायला बाकं. उन्हाळ्यात येणाऱ्यांना लॉक्स, दसरा-दिवाळीच्या सुमारास असणाऱ्यांना इस्सक्वाह.

काठावर मेलेले मासे पडलेले दिसतात. पाणी विषारी आहे का?

बहुतेक वेळा नाही. पॅसिफिक सॅमन एकदाच वितो आणि मरतो, पाचही जाती. ती कलेवरं कुजलेली दिसली तरी कचरा नव्हेत. समुद्रात कमावलेलं नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यांच्यातून डोंगराच्या ओढ्यात पोहोचतं. कीटक त्यावर वाढतात, पुढच्या वसंतात पिल्लं ते कीटक खातात. अस्वलं, गरुड, रॅकून मासे ओढून रानात नेतात आणि काठावरच्या झाडांच्या लाकडातही समुद्रातलं नायट्रोजन सापडतं. म्हणून मेलेला मासा उचलून बाजूला टाकू नका.

पण कोहोच्या बाबतीत खरंच एक विष आहे. वेस्ट सिएटलच्या लाँगफेलो क्रीकसारख्या शहरी ओढ्यांत पहिल्या मोठ्या पावसानंतर कोहो पृष्ठभागावर गरगर फिरताना, तोंड उघडं टाकून धापा घेताना दिसत आणि काही तासांत मरत. माद्यांची पोटं गाभोळीनं भरलेलीच असत. काही वर्षी त्या ओढ्यातले बहुतेक कोहो असे विण्याआधीच गेले. कारण अनेक वर्षं सापडत नव्हतं. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ते शोधून काढलं. मोटारीच्या टायरच्या रबरात ६पीपीडी नावाचं रसायन असतं, ओझोनमुळे रबराला तडे जाऊ नयेत म्हणून. ओझोनशी संयोग होऊन त्याचं ६पीपीडी-क्विनोन बनतं. टायर झिजतात, त्यांची भुकटी रस्त्यावर साचते, पाऊस ती ओढ्यात नेतो. कोहोला त्याची अत्यल्प मात्राही मारते. त्याच पाण्यात चम मात्र जवळजवळ धडधाकट राहतात.

यावर उपाय आहे. रस्त्याचं पाणी माती, वाळू आणि कंपोस्टच्या थरातून झिरपू दिलं की कोहो जगतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. सिएटलच्या रस्त्यांकडेला झाडं लावलेले खोलगट वाफे दिसतात ते शोभेसाठी नाहीत. तुमच्या घराच्या छपराचं आणि ड्राइव्हवेचं पाणी कुठे जातं ते बघा. असे वाफे, म्हणजे पर्जन्यबाग, घरी करायला सिएटलच्या काही भागांत अनुदानही मिळतं.

मासे एवढे जवळ असतात की हातानं धरता येतील. धरले तर?

नाही. या ओढ्यांत विणीचा मासा धरणं, हाकलणं, त्याला दगड मारणं बेकायदा आहे. कोकणात वाढलेल्यांना पहिल्या पावसातले चढणीचे मासे आठवतात. वहाळात, शेताच्या बांधावर रात्री बत्ती घेऊन जायचं आणि गाभोळीचा मासा आणायचा. ती आठवण मलाही प्रिय आहे. पण कोकणातही आता जाणती माणसं चढणीच्या माशांना वाट द्या म्हणतात. इथे तर हिशेब आणखी कडक आहे. हा मासा पुढच्या वर्षी पुन्हा यायचा नाही, त्याच्याकडे हा एकच हंगाम आहे. शिवाय ओढ्यातल्या माशाचं मांस फिकट, मऊ आणि बेचव झालेलं असतं.

पाण्यातही उतरू नका, मासे दिसेनासे झाल्यानंतरसुद्धा. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं वसंतापर्यंत खडीतच असतात. मुलांचे गमबूट त्यांना चिरडतात.

कुत्र्याला नेलं तर चालेल?

दोरीनं बांधून, पाण्यापासून लांब. कच्चा सॅमन खाल्ल्यानं कुत्र्यांना होणारा एक आजार याच भागात आढळतो. उपचार न झाल्यास कुत्रा मरतो. चाटलं-खाल्लं अशी शंका आली तर त्याच दिवशी पशुवैद्याला सांगा.

आता समुद्राकडे. कयाक कोणती घ्यावी?

वर बसायची, रुंद, साधारण १२ ते १३ फुटी. आत पाय घालून बसायच्या कयाकमध्ये उलटल्यावर पाणी भरतं. वर बसायच्या कयाकवर सराव असेल तर पाण्यातून परत चढता येतं. पायडलवाली असेल तर हात गळासाठी मोकळे राहतात आणि ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढायला, एकसारखा वेग मिळतो, पण ती महाग आणि जड. आधी भाड्यानं घेऊन बघा.

आम्हाला पोहता येतं. मग लाइफ जॅकेट सतत घालायलाच हवं का?

हो. इथला धोका बुडण्याच्या आधी थंडीचा आहे. प्युजेट साउंडचं पाणी भर उन्हाळ्यातही साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस असतं, हिवाळ्यात ८ च्या आसपास. अशा पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, आपोआप धापा लागतात. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही जातो. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे, नंतर बोटं वळत नाहीत. शुद्ध हरपायला तासभर लागतो. या तीन टप्प्यांपैकी पहिले दोन लाइफ जॅकेट आणि कपड्यांवर निभावतात.

म्हणून कपडे हवेच्या तापमानाला नव्हे, पाण्याच्या तापमानाला घाला. पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट उत्तम, नाहीतर जाड रबरी वेटसूट. जीन्स आणि सुती टीशर्ट नको. बाहेर २७ अंश ऊन असलं तरी नको. व्हीएचएफ रेडिओ अंगावर बांधा, कयाकला नाही, आणि संकटासाठी चॅनेल १६. शिट्टी हवी. पहाटे निघत असाल तर पांढरा दिवा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी लहान बोटीत लाइफ जॅकेट अंगावर घालणं कायद्यानंच बंधनकारक आहे. आणि एखाद्या उथळ, शांत तळ्यात सोबत्याला घेऊन मुद्दाम उलटून परत चढायचा सराव करा. तो जमेपर्यंत समुद्रात गळ टाकू नका.

भरती-ओहोटी कोकणासारखीच का?

दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, पण इथे त्या फार असमान असतात. एक ओहोटी खोल जाते, दुसरी अर्ध्यावरच थांबते. सिएटलला दिवसातल्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या पाण्यात सरासरी साडेतीन मीटरचा फरक असतो. एवढं पाणी अरुंद चिंचोळ्यांतून जाताना जोराचा प्रवाह होतो. टॅकोमा नॅरोज आणि डिसेप्शन पास नवख्यांनी टाळावेत. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा अचानक उभ्या राहतात. उन्हाळ्यात दुपारनंतर उत्तरेचा वारा वाढतो, म्हणून पहाटे निघून दहा-अकराला परत या. प्रवाह मंदावतो किंवा वळतो त्या सुमारास मासे खायला लागतात, तेव्हा भरतीचा तक्ता दोन्ही कारणांसाठी वाचायचा.

परवाना कोणाला लागतो?

१५ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला. वॉशिंग्टनमध्ये सलग ९० दिवस राहिलेल्यांना रहिवासी दर. पाहुण्या आई-बाबांसाठी एक ते तीन दिवसांचे परवाने मिळतात. परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. सोबत कॅच रेकॉर्ड कार्ड लागतं, मुलांनाही, आणि ठेवलेला प्रत्येक सॅमन त्यावर लगेच नोंदवायचा, घरी गेल्यावर नाही. धरलेला मासा विकता येत नाही.

समुद्राचे क्रमांकित विभाग पाडले आहेत. सिएटल-ब्रेमर्टन विभाग १०, त्याच्या उत्तरेला ९, टॅकोमा-व्हॅशॉन ११. प्रत्येकाचा हंगाम, मर्यादा, ठेवायच्या जाती वेगळ्या, आणि कोटा संपला की हंगाम मध्येच बंद होतो. म्हणून आदल्या रात्री राज्याच्या मत्स्य विभागाच्या ॲपवर नियम पाहणं हा कयाक गाडीवर चढवण्याइतकाच तयारीचा भाग आहे.

कुठून पाण्यात उतरावं?

एडमंड्स आणि मुकिल्टिओच्या मधला किनारा पिंक आणि कोहोसाठी नावाजलेला आहे. वेस्ट सिएटलला लिंकन पार्कच्या समोरचं पाणी, टॅकोमाला पॉइंट डिफायन्सचा ओवेन बीच. एडमंड्सजवळ किंग्स्टनला जाणाऱ्या फेरीची वाट ओलांडताना थांबून बघा. फेरीला तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला. मधल्या मालवाहू जहाजांच्या वाटेत जाऊ नका, जायची गरजही नसते.

गळाला काय लावायचं?

पिंकला गुलाबी रंगाचं काहीही: छोटा प्लॅस्टिकचा माकूळ, गुलाबी जिग (वर-खाली हलवायचं वजनदार आमिष), हळू वेगात. कोहोला थोडा जास्त वेग, हिरवट-पांढरा माकूळ किंवा चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, पहाटे पृष्ठभागाजवळ आणि ऊन चढेल तसं खोल. चिनूक तळाशी असतो. हेरिंगचं आमिष कोणालाही चालतं. आमिषाच्या पुढे फिरणारी मोठी चकचकीत पट्टी, म्हणजे फ्लॅशर, कयाकला जड जाते, लहान वापरा.

सॅमनसाठी इथे गळाला उलटा काटा असून चालत नाही, एकच टोक हवं. पकडीनं काटा दाबून टाका.

हा मासा ठेवायचा की सोडायचा, कसं ओळखावं?

पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा मांसल पर असतो. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो कापलेला असतो आणि तिथे बरी झालेली खूण दिसते. पर शाबूत असेल तर मासा नैसर्गिक विणीचा समजायचा. प्युजेट साउंडचे चिनूक १९९९ पासून संघराज्याच्या कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून नोंदले आहेत, त्यामुळे असा चिनूक सोडावाच लागतो.

सोडायचा मासा कयाकवर घेऊच नका, नियमही तसाच आहे. पाण्यातच ठेवून गळ काढा. खवल्यांवरचा बुळबुळीत थर कोरड्या हातानं निघून जातो आणि तिथे बुरशी धरते. हाच मासा तीन महिन्यांनी कुठल्यातरी ओढ्यात खडी उपसणार आहे. फोटोचा मोह आवरा.

सील आणि ओर्का दिसले तर?

सील मासा पळवतात. धरलेला मासा दोरीनं पाण्यात लटकवत ठेवू नका. ते सीलला आमंत्रणच, थेट बर्फाच्या पिशवीत टाका.

ओर्कांची, म्हणजे किलर व्हेलची, गोष्ट गंभीर. इथल्या दक्षिणी निवासी ओर्का २००५ पासून संघराज्याच्या यादीत विलुप्तीच्या छायेत आहेत. सत्तरीच्या आसपास उरल्या आहेत आणि मुख्यतः चिनूक खातात. आवाजानं ऐकून शिकार करतात. जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यापासून १,००० यार्ड, म्हणजे ९०० मीटरहून जास्त, अंतर ठेवणं सक्तीचं आहे आणि कयाकही त्यात येते. पाठीवरचे उंच पर पाण्यावर येताना दिसले तर दोरी गुंडाळा आणि किनाऱ्याकडे वळा.

हंगाम बंद असताना मूलनिवासी जमातींच्या बोटी जाळी टाकताना दिसतात. हे कसं?

हा प्रश्न बरेचदा तक्रारीच्या सुरात येतो, म्हणून सविस्तर सांगते. १८५४-५५ च्या करारांत इथल्या जमातींनी आजच्या पश्चिम वॉशिंग्टनचा बहुतेक प्रदेश अमेरिकेला दिला. त्याबदल्यात आपल्या नेहमीच्या जागी मासेमारीचा हक्क स्वतःकडे राखला. हा हक्क त्यांना कोणी बहाल केलेला नाही, त्यांनी तो सोडलाच नव्हता. तरीही राज्य सरकार शंभर वर्षं त्यांना अटक करत राहिलं. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर १९४५ साली चौदा वर्षांचे असताना पहिल्यांदा पकडले गेले, पुढे पन्नासहून अधिक वेळा. १२ फेब्रुवारी १९७४ ला न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यावर करारातल्या जमातींचा हक्क आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. तेव्हापासून राज्य आणि जमाती मिळून हंगाम ठरवतात.

त्याच जमाती मत्स्यबीज केंद्रं चालवतात, ओढे दुरुस्त करतात. रस्त्याखालच्या ज्या नळांमुळे मासे वर जाऊ शकत नव्हते ते बदलायला राज्याला त्यांनीच न्यायालयात भाग पाडलं. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात मतं समसमान पडली आणि जमातींच्या बाजूचा आदेश कायम राहिला. तुमच्या गळाला लागणाऱ्या माशामागे त्यांचं हे काम आहे.

चव रावसासारखी लागते का?

नाही. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला भारतीय सॅमन म्हणतात, पण दोन्ही माशांचं एकमेकांशी नातं नाही. रावस पांढरा, घट्ट, सौम्य. सॅमन तेलकट आणि स्वतःच्या चवीचा. त्याला नारळाचं दाट वाटण लावलं की जड होतं. आगळ किंवा कोकम, हिरवी मिरची, तिरफळ, पातळ रस्सा असं कोहोला छान मानवतं. चिनूकच्या तुकडीला मीठ, हळद, तिखट आणि तवा पुरे. पिंक नाजूक. धरल्याबरोबर डोक्यात ठोका देऊन, कल्ले कापून रक्त काढून बर्फात ठेवला तरच घरी येईपर्यंत टिकतो. त्याची कटलेटं उत्तम होतात. समुद्रात धरलेल्या मादीची गाभोळी रव्यात घोळवून तळा. कच्चा खायचा असेल तर त्यात कृमी असू शकतात, उणे २० अंशांवर किमान सात दिवस गोठवावा लागतो आणि घरचे सगळे फ्रीझर तेवढे थंड होत नाहीत.

मुलांना यात काही काम करता येईल?

येईल. सिएटलमधल्या अनेक शाळांत वर्गातल्या टाकीत सॅमनची अंडी वाढवतात आणि वसंतात पिल्लं ओढ्यात सोडतात. तुमच्या शाळेत आहे का ते विचारा. शरद आणि हिवाळ्यात ओढ्यांच्या काठी स्थानिक झाडं लावायचे, ब्लॅकबेरीची जाळी उपटायचे दिवस ठरवलेले असतात, त्यात लहान मुलांनाही घेतात. मोठ्यांना वाटाड्या स्वयंसेवक होण्यासाठी हंगामाआधी प्रशिक्षण मिळतं. मराठी बोलणारा एखादा स्वयंसेवक पायपर्स क्रीकवर असला, तर भारतातून आलेल्या आजी-आजोबांना त्यांच्या भाषेत ती घरटी दाखवता येतील. नावनोंदणी साधारण उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होते.